आज्जी आत्ता कुठं आहेत? कोल्हापूर विमानतळावर मदत लागणाऱ्या प्रवाशांची नोंद ठेवायला शिकताना

उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, आमच्याकडं नवी पोरंपोरी रुजू झाली की पहिल्या आठवड्यात मी एकच प्रश्न परत परत विचारते. हातातला कागद खाली ठेव आणि सांग, यादीतल्या तिसऱ्या नंबरच्या आज्जी आत्ता कुठं आहेत? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. "मॅडम, त्यांना व्हीलचेअर दिलीय."

मी कुठं विचारलं खुर्ची दिली का म्हणून?

हसू नका, नवी असताना मीही हेच उत्तर दिलेलं आहे. हैदराबादला लेकाकडं निघालेल्या आजऱ्याकडच्या एक आज्जी होत्या. त्यांना पाच नंबरच्या खुर्चीत बसवलं, तपासणी करून आत गेटजवळ आणलं, कागदावर टिक केली आणि पुढच्या प्रवाशाला आणायला पळाले. परत येते तर पाच नंबरच्या खुर्चीत बाई बसलेल्याच. मी खुर्ची ढकलत दारापर्यंत नेली. तिथं बोर्डिंग पास बघितला तर तो मुंबईचा! माझ्या आज्जींनी परस्पर खुर्ची देऊन टाकली होती. "तिचं गुडघं लई दुखत हुतं गं. मला काय, मी बसले हितंच." हे 'हितंच' म्हणजे खांबाआडची खिडकी. तिथं उभ्या राहून त्या विमान बघत होत्या. सापडेपर्यंत दहा मिनिटं माझ्या छातीत धडधड. त्या दिवसापासून मी खुर्चीच्या नंबरावर टिक करणं सोडलं.

पुढचं सगळं ग्राउंड हँडलिंगमध्ये, म्हणजे जमिनीवर प्रवासी आणि सामान सांभाळायच्या कामात, किंवा विमान कंपनीच्या काउंटरवर नव्यानं लागलेल्यांसाठी लिहिलंय. ॲप असो, संगणक असो की वही, काम तेच.

पहिली पायरी: यादी कुठून येते ते समजून घ्या

तिकीट काढताना प्रवासी, किंवा बहुतेक वेळा त्याचा पुण्या-बंगळूरला असलेला मुलगा, मदत हवी असं नोंदवतो. ती नोंद म्हणजे एसएसआर, विशेष सेवेची मागणी. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी कार्यालय, त्याच्या नियमानुसार अशी गरज ४८ तास आधी कळवायची असते. त्या नोंदींवरून विमान सुटण्याआधी मदत लागणाऱ्यांची यादी निघते, तिला पीएएल म्हणतात. मागाहून कुणी वाढलं, कुणी गळालं की बदलांचा संदेश येतो तो सीएएल. आणि विमान उडालं की सुटलेल्या ठिकाणाहून उतरायच्या ठिकाणी पीएसएम जातो: कोण बसलंय, कोणत्या आसनावर, कोणती मदत लागेल.

म्हणजे निघणाऱ्या विमानासाठी तुमचा आधार पीएएल आणि येणाऱ्यासाठी पीएसएम. मुंबईहून विमान तासाभरात येतं. पीएसएम उघडायला उशीर केला तर विमान एप्रनवर, म्हणजे इमारतीसमोरच्या विमानं लावायच्या जागेवर, उभं आणि तुम्ही खुर्च्या शोधत पार्किंगमध्ये, असं होतं.

यादी येते तीन नावांची आणि दारात उभी असतात सहा माणसं, हे रोजचंच आहे. ४८ तासांचा नियम आहे म्हणून उरलेल्या तिघांना "तुमचं नाव नाही" असं ऐकवायचं नाही. त्यांना वहीत घ्या, नावापुढं 'ऐनवेळी' असं लिहा आणि काउंटरवरून संगणकात नोंद चढवून घ्या. ती चढली नाही, तर पलीकडच्या विमानतळावर जाणाऱ्या पीएसएममध्ये त्यांचं नाव नसणार. इथं तुम्ही फुलासारखं जपून बसवलेला माणूस तिकडं शिडीखाली एकटा उभा राहतो तो असा.

दुसरी पायरी: रोमिओ, सिएरा, चार्ली

व्हीलचेअरचे संकेत तीन आहेत. डब्ल्यूसीएच ही अक्षरं तिन्हींत सारखी, शेवटचं अक्षर बदलतं: आर, एस किंवा सी. रेडिओवर आम्ही ते शेवटचंच बोलतो, आरला रोमिओ, एसला सिएरा, सीला चार्ली. रोमिओ म्हणजे लांबचं चालवत नाही, पण पायऱ्या चढतो, आत आपापलं आसन गाठतो. सिएरा म्हणजे पायऱ्या जमत नाहीत, मात्र विमानाच्या आत चालू शकतो. चार्ली म्हणजे अजिबात चालता येत नाही, आसनापर्यंत न्यावं लागतं.

मोठ्या विमानतळावर इमारतीला जोडलेल्या पुलावरून थेट विमानात शिरता येतं, तिथं रोमिओ आणि सिएरातला फरक फारसा जाणवत नाही. आपल्याकडं एप्रनवरून चालत जायचं आणि वर चढायचं, त्यामुळं सगळा खेळ त्या एका अक्षरात आहे. एटीआर म्हणजे पंख्यांचं छोटं विमान, त्याला दार मागं आणि पायऱ्या त्या दाराच्याच. पायऱ्या मोजक्या, पण संधिवात असलेल्या माणसाला त्या जोतिबाच्या डोंगराएवढ्या. म्हणून यादीत रोमिओ दिसला तरी प्रत्येकाला तोंडानं विचारायचं: "आज्जी, घरात जिना चढताय का?" 'पायऱ्या जमतात का' असं विचारलं तर सगळे हो म्हणतात. घरातला जिना विचारला की खरं बाहेर येतं. "न्हाई बाई, दोन वर्सं झाली, माडीवर गेलीच न्हाई." झालं, रोमिओचा सिएरा करा, रॅम्प नाहीतर ॲम्ब्युलिफ्ट (खुर्चीसकट माणसाला विमानाच्या दारापर्यंत उचलणारी गाडी) सांगा, आणि बदल संगणकातही घाला.

चार्ली असेल तर आतली अरुंद खुर्ची लागते, कारण साधी व्हीलचेअर विमानातल्या बोळातून जात नाही. एटीआरमध्ये त्याचं आसन शक्यतो मागच्या दाराजवळ मिळतंय का ते काउंटरवरच बघा. पुढच्या रांगा म्हणजे मान, पण एटीआरमध्ये तो मान मिळवायला पूर्ण विमान पार करावं लागतं. आणीबाणीच्या दाराजवळची रांग अशा कुठल्याच प्रवाशाला द्यायची नाही.

बाकीचे संकेत: दृष्टिहीनांसाठी बीएलएनडी, कर्णबधिरांसाठी डीईएएफ, बौद्धिक किंवा विकासात्मक अक्षमता असलेल्यांसाठी डीपीएनए, स्ट्रेचरसाठी एसटीसीआर, वैद्यकीय मंजुरी लागणाऱ्यांसाठी एमईडीए, एकट्या मुलासाठी यूएमएनआर. आणि एमएएएस, म्हणजे भेटा आणि सोबत करा. हा शेवटचा संकेत आपल्या भागात सगळ्यात जास्त लागतो आणि सगळ्यात कमी वापरला जातो.

कागल, गडहिंग्लज, निपाणीकडून येणारे कितीतरी आई-वडील ठणठणीत असतात. शेतात चार एकर पायी फिरतात. पण हैदराबाद किंवा बंगळूरला उतरल्यावर पाटी वाचता येत नाही, भाषा समजत नाही, पुढचं विमान कुठल्या दारातून ते कळत नाही. म्हणून मुलगा काय करतो, व्हीलचेअर मागतो. मग इथं तात्या तडकतात: "खुर्ची? मी काय लंगडा हाय व्हय?" त्यांना जबरदस्तीनं बसवू नका, आणि 'नको म्हणाले' असं लिहून यादीतून उडवूही नका. खुर्ची नको, सोबत हवी, एवढं ओळखा आणि संकेत बदला. उलटही आहेच: रांग चुकवायला खुर्ची मागणारे धडधाकट लोक. माझं मत विचाराल तर त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका. कुणाचं हृदय कसं आहे ते तोंडावर लिहिलेलं नसतं.

तिसरी पायरी: तक्ता स्वतः आखा

छापील नमुना मिळाला तरी पहिले पंधरा दिवस हातानं रेघा मारा, रकाने डोक्यात बसतात. नाव, आसन, संकेत, सोबत कोण, स्वतःची खुर्ची किंवा काठी आहे का, आत्ता कुठं, किती वाजता, कुणाच्या ताब्यात. शेवटचे तीन रकाने रुंद ठेवा, कारण तेच दर वेळी बदलतात. जुनं खोडायचं नाही, त्याखाली नवं लिहायचं. 'काउंटर ९.४०, गेट १०.०५, शौचालय १०.१५, गेट १०.२२' अशी माणसाची वाट त्या रकान्यात दिसली पाहिजे.

ताब्यात कुणाच्या, तिथं 'स्टाफ' असं लिहिलेलं मला चालत नाही. नाव लिहा. माणूस हरवतो तो नेहमी दोघांच्या मधल्या जागेत. सोडणाऱ्याला वाटतं त्यानं घेतला, घेणाऱ्याला वाटतं अजून त्याच्याकडंच आहे. म्हणून देताना तोंडी बोलायचं: "बारा सी, जाधव आज्जी, सिएरा, तुझ्याकडं दिल्या." समोरच्यानं ते परत म्हणायचं, मगच लिहायचं. पहिल्यांदा नाटकासारखं वाटतं, महिनाभरात जिभेवर बसतं.

एक गोष्ट कटाक्षानं पाळा. आजार लिहू नका, गरज लिहा. 'पार्किन्सन' नको, 'कप धरता येत नाही, हळू चालतात, घाई केली की तोल जातो' हे हवं. तुम्हाला उपयोग त्याचाच आहे, आणि कागद कुणाच्या हाती पडला तर त्या माणसाचं दुखणं गावभर होत नाही. त्याच कारणानं यादीचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहेच, पण कायद्याआधी आपल्या आईचं नाव त्या यादीत असतं तर काय वाटलं असतं, तेवढं बघा.

चौथी पायरी: दारापासून गेटपर्यंत

माणूस गाडीतून उतरतो तिथं तुमची पहिली नोंद. रिक्षा, वडाप, पाच माणसं पोचवायला आलेली जीप, काहीही असो. पोचवायला आलेल्यांपैकी एकाचा फोन नंबर घ्या आणि विमान उडेपर्यंत त्यांना लांब जाऊ नका म्हणा. विमान रद्द झालं तर हाच नंबर तुम्हाला वाचवतो.

स्वतःची व्हीलचेअर असेल तर काउंटरवरच तीन गोष्टी विचारा: घडी होते का, बॅटरी आहे का, असली तर कोणती. काढता येणारी लिथियम बॅटरी एकच असेल तर ३०० वॉट-तासांपर्यंत, दोन असतील तर प्रत्येकी १६० पर्यंत, आणि काढलेली बॅटरी केबिनमध्येच. हे वैमानिकापर्यंत पोचावं लागतं, म्हणून ऐनवेळी गेटवर कळलं तर सगळ्यांचीच पळापळ. खुर्चीला टॅग लावताना ती विमानाच्या दारात परत द्यायची की सामानाच्या पट्ट्यावर, तेही लिहा. रोज वापरणाऱ्याला त्याची खुर्ची म्हणजे त्याचे पाय. ते पट्ट्यावर सुटकेसबरोबर फिरायला लावू नयेत.

दृष्टिहीन प्रवाशाचा दंड धरून ओढू नका. आपलं नाव सांगा आणि आपलं कोपर पुढं करा, ते धरतील. त्यांना सोडून जाताना "मी जातेय, दहा मिनिटांत येते" असं म्हणा, नाहीतर ते रिकाम्या जागेशी बोलत बसतात. कर्णबधिर प्रवाशाला घोषणा ऐकू येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, तरीही विमान लेट झाल्यावर त्यांना जाऊन सांगायचं राहून जातं. तक्त्यात अशा नावाला गोल करा. घोषणा झाली की गोल केलेल्या प्रत्येकाकडं जायचं आणि फोनवर लिहून दाखवायचं.

काही अडचणी दिसत नाहीत. हिरव्या पट्ट्यावर पिवळी सूर्यफुलं असलेली फीत गळ्यात दिसली, तर त्या माणसाला न दिसणारी अडचण आहे आणि थोडा जास्त वेळ लागेल, एवढं समजा. ही पद्धत २०१६ साली लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली, आता आपल्याकडच्या मोठ्या विमानतळांवरही दिसते. काय झालंय म्हणून विचारायचं नाही. काय मदत करू, एवढंच.

विसरभोळेपणा वाढलेल्या आजोबांना मात्र 'गेटवर बसवले' असं लिहून निघून जाता येत नाही. अमेरिकेतला नियम सांगतो की व्हीलचेअरमधल्या, स्वतः हलू न शकणाऱ्या प्रवाशाला ३० मिनिटांपेक्षा जास्त वेळ एकटं सोडायचं नाही. आपली इमारत लहान आहे, दर पंधरा मिनिटांनी एक चक्कर सहज होते. चक्कर मारली की वेळ लिहायची. आणि चढण्याआधी अर्धा तास प्रत्येकाला शौचालयाचं विचारायचंच. माझ्या अनुभवात 'हरवलेले' दहापैकी सात तिथंच असतात. शिवाय एटीआरमधलं शौचालय इतकं चिंचोळं की सिएरा आणि चार्लीसाठी ते असून नसल्यासारखंच.

पाचवी पायरी: एप्रनवर

हे लोक सगळ्यात आधी चढतात, सगळ्यात शेवटी उतरतात. केबिन क्रूला आसन नंबर आणि गरज सांगा, तोंडी आणि कागदावर, दोन्ही. दोघांनी काखेत हात घालून माणूस उचलून वर नेणं बंद करा. जुने लोक करायचे, प्रेमानंच करायचे, पण खांदा निखळतो तो अशानंच. पावसात खुर्चीचे ब्रेक घसरतात, तेव्हा ब्रेकवर भरवसा न ठेवता एक माणूस मागं उभा हवा.

दार बंद व्हायच्या आधी चार आकडे जुळवायचे: नोंदलेले, आलेले, चढलेले, न आलेले. जुळले नाहीत तर बोला. विमान पाच मिनिटं थांबलं म्हणून कुणी तुम्हाला बोललं तर बोलू दे.

सहावी पायरी: उतरणारे

कोल्हापूरला येणाऱ्यांमध्ये देवदर्शनाचे वयस्क पुष्कळ. बालाजीचं दर्शन अंबाबाईच्या दर्शनाशिवाय पुरं होत नाही अशी श्रद्धा आहे, त्यामुळं तिरुपतीचं विमान असलं की खुर्च्या आधीच मोजून ठेवा, नवरात्रात तर नक्कीच. मिरजेच्या दवाखान्यांकडं जाणारेही असतात, त्यांच्यात येताना रोमिओ आणि परत जाताना सिएरा असे पुष्कळ निघतात. परतीच्या तिकिटावर संकेत जुनाच असतो. बोलता बोलता परतीची तारीख विचारून घ्या.

युरोपातल्या विमानतळांच्या मानकानुसार आधी नोंदवलेल्या उतरणाऱ्या प्रवाशांपैकी ८० टक्क्यांना ५ मिनिटांत, ९० टक्क्यांना १० मिनिटांत आणि सगळ्यांना २० मिनिटांत मदत मिळायला हवी. एवढ्याशा विमानतळावर आपल्याला याहून चांगलं जमायला हरकत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईत खुर्ची कमी पडली म्हणून ऐंशी वर्षांचे एक प्रवासी चालत निघाले, कोसळले आणि वारले. त्या विमान कंपनीला डीजीसीएनं ३० लाखांचा दंड केला. खुर्च्या मोजा म्हणून मी मागं लागते ते उगाच नाही.

बाहेर सोपवताना "मी न्यायला आलोय" म्हणणाऱ्या कुणाच्याही हाती द्यायचं नाही. आज्जींनी ओळखलं पाहिजे. ओळखल्याचं तोंडावर दिसतंच, तरी विचारायचं, "हे कोण तुमचे?" नातं आणि वेळ लिहून ओळ बंद. एकट्या मुलाच्या बाबतीत ओळखपत्र आणि सही, त्यात सूट नाही.

दिवस बिघडला की

जुलै-ऑगस्टमध्ये ढग खाली आले की विमान दुसरीकडं वळतं किंवा रद्द होतं. वळलेल्या विमानाचा पीएसएम तुमच्याकडं आणि माणसं भलतीकडं, तेव्हा यादी त्या विमानतळाला फोनवर वाचून दाखवा, एकेक नाव. रद्द झालं आणि बेळगाव किंवा पुण्याला बसनं न्यायचं ठरलं, तर आधी बसची पायरी बघा. सिएरा प्रवासी विमानाची शिडी चढू शकत नाही, तो बसची उंच पायरी कशी चढणार? त्यांच्यासाठी कार मागा, आणि गर्दी काउंटरवर तुटून पडायच्या आधी मागा.

पुराचं गणित आणखी वेगळं. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं तेव्हा विमानतळ पंचगंगेच्या अलीकडं आणि हातकणंगले-इचलकरंजीकडचे नातेवाईक पलीकडं. पावसाळ्यात नदीचं पाणी वाढायला लागलं की उतरणाऱ्या यादीतल्या प्रत्येकाच्या घरी विमान यायच्या आधी फोन करा: गाडी निघाली का, रस्ता चालू आहे का. कुणी येऊ शकणार नसेल तर शहरातल्या नातेवाइकाचं नाव घरच्यांकडूनच घ्या.

पाळी संपताना

पुढच्या पाळीला कोरी यादी देऊ नका, उघड्या ओळी द्या. ज्यांचं विमान लेट आहे, जे अजून आत बसलेत, ज्यांचे लोक वाटेत आहेत, त्या प्रत्येकापाशी नव्या सहकाऱ्याला घेऊन जा आणि ओळख करून द्या: "तात्या, आता ही पोरगी बघंल तुमच्याकडं." निघालेल्यांचा पीएसएम गेलाय का ते काउंटरवर विचारा. मग खुर्च्या मोजा. एकदोन नेहमी पार्किंगमध्ये सापडतात, एखादी चहाच्या टपरीजवळ, बसायला बरी म्हणून कुणीतरी नेलेली. ती आत आणा, सीट पुसा, पायपट्ट्या दोन्ही आहेत का बघा. आणि ॲम्ब्युलिफ्ट चार्जिंगला लावलीय का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघूनच सही करा.